‘भाषा’ आणि ‘बोली’ : दोन इंग्रजी शब्दांची भारतातील वाटचाल

भारतातील भाषिक विविधतेविषयी लिहिताना आज जे शब्द सहज वापरले जातात, त्यांपैकी बरेचसे मुळात इंग्रजी शब्दांचे प्रतिनिधी आहेत. ‘भाषा’ या शब्दामागे ‘लँग्वेज’ उभा असतो, ‘बोली’मागे ‘डायलेक्ट’, ‘मातृभाषे’मागे ‘मदर टंग’ आणि ‘अभिजात’ या विशेषणामागे ‘क्लासिकल’. हे शब्द संस्कृत किंवा देशी वळणाचे असल्यामुळे ते फार पूर्वीपासून याच अर्थाने नांदत आले असावेत असा समज होतो. प्रत्यक्षात त्यांचे आजचे अर्थ एकोणिसाव्या शतकात घडले आणि ते घडविताना शासन, धर्मप्रसार, शिक्षण व भाषाशास्त्र या चारही क्षेत्रांतील माणसांना इंग्रजीतून शब्द निवडावे लागले. वेगळेपणाचे वर्णन करणारा शब्द वेगळेपणाची प्रतही ठरवतो. एखाद्या समाजाच्या बोलण्याला ‘लँग्वेज’ म्हटले की त्याला शाळा, न्यायालय आणि ग्रंथालय यांचे दार उघडते. ‘डायलेक्ट’ म्हटले की ते दार दुसऱ्या कुणाच्या तरी नावावर होते. या शब्दनिवडीचा इतिहास म्हणूनच केवळ कोशकारांच्या आस्थेचा विषय उरत नाही.

१

भाषिक भेदांची जाणीव भारतीय परंपरेला इंग्रजांनी दिली, असे मानण्याचे कारण नाही. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘भाषा’ आणि ‘विभाषा’ असा भेद आहे. मागधी, आवंतिका, शौरसेनी, दाक्षिणात्या इत्यादी सात भाषा, आणि शबर, आभीर, चांडाल आदी समाजांच्या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या विभाषा अशी ती मांडणी आहे. या वर्गीकरणाला सामाजिक उतरंडीचा स्पर्श झालेला आहे, हे उघड आहे. वसाहतपूर्व भारतात सर्व वाणी समान मानल्या जात होत्या, हे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही.

तरीही जुन्या साहित्यात भेदांकडे पाहण्याची आणखी एक दृष्टी आढळते. उद्द्योतनसूरीने इ. स. ७७९ मध्ये जालोर येथे पूर्ण केलेल्या ‘कुवलयमाला’ या प्राकृत ग्रंथात बाजारपेठेचे एक प्रसिद्ध वर्णन आहे. मगध, सिंधू, गुर्जर, लाट, माळवा, कर्नाटक, महाराष्ट्र, आंध्र अशा निरनिराळ्या देशांचे व्यापारी तेथे जमलेले आहेत, आणि प्रत्येकाची अंगकाठी, स्वभाव व बोलण्यातील एखादा लकबीचा शब्द ग्रंथकार टिपतो. देशीभाषांची संख्या तो अठरा सांगतो. त्यांपैकी कोणती मूळ आणि कोणती तिची शाखा, हा प्रश्न त्याला पडत नाही. एका बाजारात अनेक वाणी ऐकू येतात, एवढेच त्याला नोंदवायचे आहे.

मराठीतही ‘भाषा’ आणि ‘बोली’ हे शब्द दीर्घकाळ परस्परांच्या जागी येत राहिले. ‘बारा कोसांवर भाषा बदलते’ ही म्हण याची साक्ष देते. बारा कोसांवर जे बदलते त्याला आजचा अभ्यासक ‘बोली’ म्हणेल. लोकांनी मात्र ‘भाषा’ हाच शब्द वापरला. ‘बोली’ला तर व्यवहारात ठराव, अट, करार असाही अर्थ आहे. लग्नाची बोली होते, मजुरीची बोली ठरते. या अर्थच्छटांमध्ये दुय्यमपणाचा वास नाही. तो पुढे आला, आणि तो येण्याला इंग्रजी शब्दाशी घडलेले सख्य कारणीभूत झाले.

२

‘डायलेक्ट’ हा शब्द मूळ ग्रीक. त्याचा आरंभीचा अर्थ संभाषण. पुढे एखाद्या प्रदेशाची बोलण्याची रीत असा अर्थ रूढ झाला. प्राचीन ग्रीसमध्ये आयोनी, डोरी, अ‍ॅटिक या सर्व ‘डायलेक्ट’ना स्वतःची वाङ्मयीन प्रतिष्ठा होती, काव्यप्रकार बदलला की बोलीही बदलत असे. यूरोपात राष्ट्रराज्ये आणि त्यांच्या प्रमाणभाषा स्थिरावल्या, तसा या शब्दाला कमीपणा चिकटला. भारतात तो पोहोचला तेव्हा त्याच्याबरोबर हा नवा अर्थही आला. ‘व्हर्नाक्युलर’ या शब्दाचे कूळ याहून सूचक आहे. लॅटिनमध्ये ‘व्हर्ना’ म्हणजे घरात जन्मलेला गुलाम. इंग्रजीत हा शब्द ‘देशी भाषा’ एवढ्याच अर्थाने वापरला जाई हे खरे. पण १८७८ च्या देशी वृत्तपत्रांविषयीच्या कायद्याच्या नावात तो बसला, तेव्हा त्या शब्दातील मालक आणि अंकित यांचे नाते पुन्हा जागे झाल्यासारखे वाटते.

मेकॉलेने १८३५ च्या आपल्या टिपणात येथील लोकांच्या बोलण्यासाठी ‘डायलेक्ट’ हाच शब्द वापरला आणि त्यांत वाङ्मयीन वा शास्त्रीय ज्ञान नसल्याचे सर्वमान्य गृहीत म्हणून मांडले. त्याच्या दृष्टीने ‘लँग्वेज’ म्हणण्याची योग्यता संस्कृत, अरबी आणि अर्थातच इंग्रजी यांच्याकडे होती. वाद त्यांच्यापुरताच होता. बंगाली, हिंदी आदी सर्वांना एकाच पंक्तीत बसविणारा हा शब्द एका अर्थी समतेचा होता, परंतु ती समता सर्वांना सारखेच अपात्र ठरविणाऱ्याची होती.

याउलट भाषेशी ज्यांचा प्रत्यक्ष संबंध आला, त्या मिशनरी मंडळींनी शब्द अधिक उदारपणे वापरले. श्रीरामपूरच्या विल्यम कॅरीने १८०५ मध्ये मराठीचे व्याकरण आणि १८१० मध्ये कोश प्रसिद्ध केला. दोहोंच्या नावात ‘लँग्वेज’ हा शब्द आहे. त्याच मुद्रणालयातून त्या शतकाच्या दुसऱ्या दशकात कोंकणीतील नवा करारही स्वतंत्रपणे छापला गेला. प्रत्येक जनसमूहाला त्याच्या वाणीत शास्त्र पोहोचवायचे, या धर्मप्रसाराच्या हेतूमुळे जितक्या वाणी तितक्या ‘लँग्वेज’ हे सूत्र त्यांना सोयीचे होते. शब्दनिवड बहुधा निवडणाऱ्याच्या प्रयोजनाला बांधलेली असते, याचे हे पहिले उदाहरण.

३

या शब्दनिवडीला रोकड परिणाम असतात, हे पूर्व भारतात सर्वांत आधी दिसून आले. आसामात १८३६ पासून न्यायालये व शाळा यांत बंगाली आली. असमिया ही बंगालीचीच ग्रामीण ‘डायलेक्ट’ आहे, हे त्यामागचे समर्थन होते. शिवसागर येथून १८४६ मध्ये ‘अरुणोदई’ हे मासिक सुरू करणाऱ्या अमेरिकन बाप्टिस्ट मिशनऱ्यांनी, विशेषतः नेथन ब्राउन यांनी, या समजाला विरोध केला. आनंदराम ढेकियाल फुकन यांनी १८५५ मध्ये असमिया भाषेविषयी एक इंग्रजी पुस्तिका लिहून तिची व्याकरणव्यवस्था आणि ग्रंथसंपदा शासनापुढे मांडली. भाषेची बाजू मांडायची ती इंग्रजीत आणि इंग्रजी शब्दांच्या कसोटीवर, हा त्या काळाचा विरोधाभास होता. १८७३ मध्ये असमियाला तिचे स्थान परत मिळाले. दरम्यान एक पिढी परक्या भाषेच्या क्रमिक पुस्तकांवर शिकून गेली होती.

ओडिशातील वाद याहून अधिक तिखट झाला. राजेंद्रलाल मित्र यांच्यासारख्या मान्यवर पुरातत्त्वज्ञाने १८६८ मध्ये कटक येथील भाषणात असा विचार मांडला की, अल्पसंख्य लोकांची वेगळी भाषा पुरेसे ग्रंथ पोसू शकणार नाही. तेव्हा बंगालीचा स्वीकार ओडिशाच्याच हिताचा आहे. १८७० मध्ये बालेश्वरच्या शाळेतील एक अध्यापक कांतिचंद्र भट्टाचार्य यांनी ओडिया ही स्वतंत्र भाषाच नव्हे, अशा आशयाची पुस्तिका लिहिली. फकीरमोहन सेनापती आणि त्यांचे सहकारी यांच्यासाठी हा जीवनमरणाचा प्रश्न ठरला. पाठ्यपुस्तके, शिक्षकांच्या नोकऱ्या आणि मुलांचे भवितव्य त्यावर अवलंबून होते. बालेश्वरचा तत्कालीन जिल्हाधिकारी जॉन बीम्स हा स्वतः भाषाभ्यासक होता. त्याने त्याच वर्षी एशियाटिक सोसायटीपुढे ओडियाची बाजू मांडली. तिचे रूपविशेष बंगालीपासून निघालेले नाहीत, आणि तिची वाङ्मयपरंपरा जुनी व स्वतंत्र आहे, हा त्याचा युक्तिवाद होता. दोन्ही बाजूंना एकाच इंग्रजी शब्दजोडीच्या चौकटीत बोलावे लागले, ही या वादातील सर्वांत लक्षणीय बाब आहे. ओडियाच्या समर्थकांनाही ‘डायलेक्ट’ हा शब्द नाकारून ‘लँग्वेज’ हा शब्द मिळवायचा होता. मुळात ही श्रेणी कशासाठी, असा प्रश्न विचारण्याची सवड त्या लढ्यात नव्हती.

४

दक्षिणेत शब्दनिवडीचा प्रश्न वेगळ्या स्वरूपात आला. रॉबर्ट काल्डवेलने १८५६ मध्ये दक्षिण भारतीय भाषांचे तुलनात्मक व्याकरण लिहिले तेव्हा त्या संपूर्ण कुलाला नाव हवे होते. चार दशकांपूर्वी, १८१६ मध्ये, एफ. डब्ल्यू. एलिसने या भाषांचे संस्कृताहून वेगळे नाते दाखवून दिले होते. पण कुलाला सर्वमान्य नाव नव्हते. तमिळवरून नाव द्यावे तर एक भाषा आणि संपूर्ण कुल यांत गोंधळ होणार. काल्डवेलने संस्कृत ‘द्राविड’ या शब्दावरून ‘द्रविडियन’ हे विशेषण घडविले आणि त्यासाठी कुमारिल भट्टाच्या प्रयोगाचा आधार दिला. वर्गीकरणाच्या सोयीसाठी घेतलेला हा शब्द पुढे एका मोठ्या सामाजिक व राजकीय चळवळीचे नाव होईल, याची कल्पना त्या व्याकरणकाराला असणे शक्य नव्हते.

त्याच ग्रंथाच्या १८७५ च्या आवृत्तीत काल्डवेलने या कुलातील बारा वाणींचे दोन गट केले. तमिळ, मलयाळम, तेलुगू, कन्नड, तुळू आणि कोडगू या ‘कल्टिव्हेटेड’, म्हणजे मशागत झालेल्या. तोडा, कोटा, गोंडी, खोंड, उरांव आणि राजमहाली या ‘अनकल्टिव्हेटेड’, म्हणजे पडीक. शेतीच्या भाषेतून घेतलेले हे रूपक निरुपद्रवी वाटते. पण पडीक जमिनीवर कुणीही हक्क सांगावा, हा विचार त्यात दडलेला असतो. गोंडीसारख्या लाखोंच्या भाषेला पुढे शालेय शिक्षणात जे स्थान मिळाले नाही, त्याचे सर्व कारण या एका विशेषणात शोधणे चुकीचे ठरेल. तरी ज्या मनोभूमिकेतून ते घडले ती या विशेषणात नेमकी पकडलेली आहे.

५

या सर्व शब्दव्यवहाराला शास्त्रीय शिस्त देण्याचा सर्वांत मोठा प्रयत्न म्हणजे जॉर्ज अब्राहम ग्रिअर्सन यांचे भारतीय भाषांचे सर्वेक्षण. १८८६ च्या व्हिएन्ना येथील प्राच्यविद्या परिषदेत त्याची मागणी झाली, १८९४ मध्ये काम सुरू झाले आणि १९२८ पर्यंत अकरा खंडांत ते पुरे झाले. मद्रास इलाखा, म्हैसूर, हैदराबाद आणि ब्रह्मदेश हे प्रदेश त्यातून वगळलेले होते. प्रत्येक ठिकाणाहून बायबलातील उधळ्या मुलाच्या दाखल्याचे भाषांतर, एखादा स्थानिक उतारा आणि शब्दांची व वाक्यांची ठरावीक यादी मागविली गेली. अखेरीस १७९ भाषा आणि ५४४ बोली अशी मोजणी झाली.

ही दोन संख्यांची विभागणी ज्या रेषेवर उभी आहे, ती रेषा स्वतः ग्रिअर्सन यांना पक्की वाटत नव्हती. ‘लँग्वेज’ आणि ‘डायलेक्ट’ यांचे नाते पर्वत आणि टेकडी यांच्यासारखे आहे, असे त्यांनी प्रास्ताविक खंडात म्हटले. एव्हरेस्टला पर्वत आणि लंडनमधील एखाद्या चढाला टेकडी म्हणताना कुणी अडखळत नाही. मधल्या उंचवट्यांना काय म्हणावे, हे मात्र ठरविता येत नाही. परस्परांना समजणे ही एकच कसोटी पुरत नाही. व्याकरणाची घडण, वाङ्मय आणि त्या लोकांची स्वतःविषयीची भावना याही गोष्टी पाहाव्या लागतात, असे ते मानीत. असमियाचे स्वतंत्र भाषापण त्यांनी याच आधारावर स्वीकारले.

सर्वेक्षणातील दुसरी अडचण नावांची होती. खेड्यातील माणसाला आपल्या बोलण्याचे नाव विचारले तर ते बहुधा त्याच्याकडे नसे. त्याच्या लेखी ते नुसते बोलणे होते. शेजारच्या गावाच्या बोलण्याला मात्र तो नाव देई. त्यामुळे ग्रिअर्सन यांना काही नावे घडवावी लागली. मैथिली, मगही आणि भोजपुरी यांना एकत्र आणणारे ‘बिहारी’ हे नाव अशांपैकी एक. या नावाची भाषा कुणीही बोलत नव्हते. तिच्या तीन ‘बोली’ मात्र कोट्यवधी लोक बोलत होते.

मराठीविषयीचा सातवा खंड १९०५ मध्ये आला. मराठीच्या देशावरील, कोंकणातील, वऱ्हाड-मध्य प्रांतातील रूपांत फारसे अंतर नाही, मराठीची खऱ्या अर्थाने एकच बोली आहे आणि ती कोंकणी, हा त्यातील निष्कर्ष होता. या विधानाला दोन टोके आहेत. ‘बोली’ या शब्दावर भर दिला तर कोंकणी मराठीच्या छत्राखाली येते. ‘एकच’ या शब्दावर भर दिला तर तिचे वेगळेपण इतर कोणत्याही रूपापेक्षा मोठे ठरते. पुढील अर्धशतकात दोन्ही पक्षांनी आपापल्या सोयीचे टोक हाती धरले.

हा वाद त्याहून जुना होता. फादर स्टीफन्सचे व्याकरण १६४० मध्ये रायतूर येथे छापले गेले तेव्हा गोव्याच्या वाणीला ‘कानारीं’ म्हटले गेले. त्याच लेखकाने १६१६ चे ‘क्रिस्तपुराण’ मात्र मराठीत रचले होते. पोर्तुगीज शासनाने १६८४ मध्ये स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घातली. त्या दीर्घ उपेक्षेनंतर कुन्य रिव्हारा यांनी १८५८ मध्ये कोंकणीच्या इतिहासावर निबंध लिहून तिची बाजू घेतली. विसाव्या शतकात शणै गोंयबाब यांनी आपल्या लेखनाने तिला गद्याचे बळ दिले आणि सु. मं. कत्रे यांनी १९४२ मध्ये तिच्या घडणीचा ऐतिहासिक अभ्यास प्रसिद्ध केला. दुसरीकडे अ. का. प्रियोळकरांसारखे व्यासंगी संशोधक ती मराठीचीच बोली असल्याचे प्रतिपादन करीत राहिले. अ. मा. घाटगे यांनी १९६३ मध्ये दक्षिण कानडा जिल्ह्यातील कोंकणीचे काटेकोर वर्णन केले, ते मराठी बोलींच्या सर्वेक्षण-मालेचा पहिला खंड म्हणून निघाले. ग्रंथाच्या आत कोंकणीची व्यवस्था स्वतंत्रपणे वर्णिलेली आणि मालेच्या नावात ती मराठीची बोली, ही स्थिती त्या काळाचे द्वंद्व नेमके दाखवते.

६

स्वातंत्र्यानंतर निर्णयाची जागा बदलली. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत आरंभी चौदा भाषा होत्या. आज त्या बावीस आहेत. अनुसूचीत नाव असणे म्हणजे ‘लँग्वेज’ असणे, असा व्यवहारातील अर्थ झाला. साहित्य अकादमीने अनुसूचीची वाट न पाहता वाङ्मयाच्या कसोटीवर काही भाषांना मान्यता दिली. मैथिलीला १९६५ मध्ये आणि कोंकणीला, भाषातज्ज्ञांच्या अभिप्रायानंतर, १९७५ मध्ये स्वतंत्र साहित्यिक भाषा म्हणून मान्यता मिळाली. ‘साहित्यिक भाषा’ हा शब्दप्रयोग विचारपूर्वक निवडलेला होता. वंशवृक्षाचा वाद बाजूला ठेवून, निर्माण झालेल्या वाङ्मयाला ओळख देण्याचा तो मार्ग होता. १९८७ मध्ये गोव्याच्या राजभाषा कायद्याने देवनागरी लिपीतील कोंकणीला राजभाषा केले व मराठीच्या वापरालाही जागा ठेवली. १९९२ च्या घटनादुरुस्तीने कोंकणी, मणिपुरी व नेपाळी अनुसूचीत आल्या. मैथिली २००३ मध्ये आली.

ग्रिअर्सन यांनी ‘बिहारी’ या एका नावाखाली आणलेल्या तीन भगिनींची नंतरची कथा यासंदर्भात बोलकी आहे. २०११ च्या जनगणनेत मैथिली ही अनुसूचित भाषा म्हणून स्वतंत्र मोजली गेली. भोजपुरी व मगही मात्र हिंदीखाली नोंदल्या गेल्या. भोजपुरी ही मातृभाषा म्हणून सांगणारे लोक पाच कोटींहून अधिक होते. भाषाशास्त्राच्या दृष्टीने तिघींचे परस्परांशी असलेले नाते या काळात बदललेले नाही. बदलले ते त्यांच्यासाठी वापरायचे शब्द.

जनगणनेने ‘मदर टंग’ ही तिसरी संज्ञा आणून कोंडी फोडण्याचा प्रयत्न केला. १९६१ मध्ये १,६५२ मातृभाषांची नोंद झाली. २०११ मध्ये लोकांनी सांगितलेली मूळ नावे १९,५६९ होती. छाननीनंतर त्यांतून १,३६९ मातृभाषा आणि त्यांच्या एकत्रीकरणातून १२१ भाषा उरल्या. लोक आपल्या बोलण्याला देतात ती नावे आणि शासन स्वीकारते ते शब्द यांतील अंतर या तीन संख्यांत मोजता येते. या गाळणीत मराठी वाचकाला परिचित असलेली मालवणी कोंकणीच्या गटात पडते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या एखाद्या मालवणी भाषकाला ती मराठी वाटत असली तरी.

७

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाषाशास्त्रानेच या शब्दजोडीविषयी शंका घेतली. चार्ल्स फर्ग्युसन आणि जॉन गंपर्झ यांनी १९६० मध्ये दक्षिण आशियातील भाषिक विविधतेवर संपादित केलेल्या ग्रंथात ‘व्हरायटी’ या शब्दाला तांत्रिक व्याख्या देण्याचा एक आरंभीचा प्रयत्न झाला. भाषा, बोली, शैली यांपैकी कशालाही लागू पडेल, पण श्रेणी सुचविणार नाही, असा शब्द त्यांना हवा होता. भारताच्या वैविध्याचे वर्णन करताना इंग्रजीलाही आपला शब्द बदलावा लागला, हे येथे ध्यानात घ्यावे लागते. मराठीत ना. गो. कालेलकर यांनी ‘भाषा आणि संस्कृती’ व अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘भाषा : इतिहास आणि भूगोल’ या ग्रंथांतून हा शास्त्रीय दृष्टिकोन सामान्य वाचकापर्यंत पोहोचविला. ‘व्हरायटी’साठी पुढे ‘भाषाभेद’, ‘भाषारूप’ असे प्रतिशब्द आले. त्यांपैकी ‘भाषाभेद’ हा शब्द अचूक असला तरी त्यात फुटीचा ध्वनी आहे. ‘भाषारूप’ अधिक सौम्य आहे. गणेश देवी यांच्या नेतृत्वाखाली २०१० मध्ये सुरू झालेल्या लोकसर्वेक्षणाने ७८० भाषांची नोंद केली, ती लोकांनी आपल्या वाणीविषयी दिलेल्या साक्षीला मान देऊन.

श्रेणीचा मोह मात्र संपलेला नाही. २००४ पासून ‘क्लासिकल’ ही नवी पायरी निर्माण झाली. तमिळ, संस्कृत, कन्नड, तेलुगू, मलयाळम, ओडिया यांच्यानंतर ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली, प्राकृत, असमिया व बंगाली यांना हा दर्जा मिळाला. ज्या असमियाला बंगालीची ‘डायलेक्ट’ म्हणून सदतीस वर्षे न्यायालयाबाहेर ठेवले गेले, तिला आणि बंगालीला एकाच दिवशी ‘अभिजात’ म्हटले गेले. ज्या ओडियाला भाषाच मानायला नकार होता, तिला तो मान बंगालीच्या दहा वर्षे आधी, २०१४ मध्ये, मिळाला होता. इतिहासाने केलेला हा न्याय समाधान देणारा आहे. परंतु तो त्याच शिडीवर वरची पायरी देऊन केलेला न्याय आहे. तोडा, कोटा, गोंडी या काल्डवेलच्या ‘पडीक’ यादीतील वाणींना त्या शिडीवर अजून पाय ठेवायचा आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या इतिहासातून घ्यावयाचा बोध मर्यादित पण निश्चित आहे. ‘बोलीतील कविता’, ‘बोलीभाषेचा गोडवा’, ‘प्रमाणभाषेची शुद्धता’ असे शब्द समीक्षेत लिहिताना त्यांच्या मागे कोणत्या काळाचे आणि कोणत्या प्रयोजनाचे इंग्रजी शब्द उभे आहेत, हे तपासून पाहावे. एखाद्या लेखनाला ‘बोलीतील’ म्हणताच ते कुणाची तरी शाखा म्हणून वाचले जाते, आणि शाखेकडून खोडाइतकी अपेक्षा केली जात नाही. वैविध्याचे वर्णन शब्दांवाचून होणार नाही. उद्द्योतनसूरीच्या बाजारात अठरा देशांची माणसे आपापल्या वाणीत भाव करीत होती. कुणी कुणाची पोटभाषा बोलत आहे, असे तेथे कुणालाच सांगावे लागले नाही. तो बाजार आदर्श होता असे नव्हे. मात्र तेथे आधी ऐकले जात होते आणि नावे नंतर दिली जात होती. मराठी समीक्षेला आणि कोशकार्याला हा क्रम पुन्हा अंगीकारता येण्याजोगा आहे.